खासदारांचं प्रगतिपुस्तक कोण तपासणार?

सहामाहीचं प्रगतिपुस्तक घरी आलं की काय होतं, ते मी सांगायला नकोच! आई आधी गणिताचे गुण बघते. बाबा हजेरीचा रकाना बघतात. आजी म्हणते, "जाऊ दे रे, दमलंय पोर." मग खाली पालकांची सही होते आणि पुस्तक शाळेत परत जातं. म्हणजे इतके महिने तुम्ही काय केलंत, याचा जाब तुम्हाला द्यावाच लागतो. सुटका नाही!

आता गंमत बघा. तुमच्या घरातली मोठी माणसं दर पाच वर्षांनी रांगेत उभी राहतात, बोटाला शाई लावून घेतात आणि एका माणसाला दिल्लीला पाठवतात. तो आपला खासदार. त्याचं प्रगतिपुस्तक कोण बघतं? हजेरीचा रकाना कोण तपासतं? आणि खाली सही कोणाची?

"त्यात काय! निवडणुकीत कळतंच की!" असं तुमच्यातला एखादा हुशार मित्र म्हणेल. बरोबर आहे त्याचं. पण निवडणूक ही झाली पाच वर्षांनी येणारी मोठी परीक्षा. मधल्या काळात घटक चाचण्या नकोत का? त्या असतात, बरं का! फक्त त्या घ्यायला कुणीतरी पुढे यावं लागतं. चला तर, या चाचण्या कोणत्या ते पाहू. सुरुवात करू ठाकुर्लीपासून.

कुणाच्या दारात जायचं?

मध्य रेल्वेवर डोंबिवली आणि कल्याण या दोन मोठ्या स्टेशनांच्या मध्ये ठाकुर्ली हे छोटं स्टेशन आहे. एके काळी इथल्या चोळा वीजघरातून रेल्वेच्या विजेच्या गाड्यांना वीज मिळायची. तुमच्या आजोबांना विचारा, 'ठाकुर्लीचं पॉवर हाऊस' त्यांना नक्की आठवेल. ते वीजघर केव्हाच बंद झालं. गाड्या मात्र रोज वाढत्या गर्दीसह धावताहेत आणि जलद गाड्या ठाकुर्लीला न थांबता धडधडत निघून जातात.

समजा, तुम्ही ठाकुर्लीला राहता. तुमच्या तीन तक्रारी आहेत. गल्लीतलं गटार तुंबलंय. जवळच्या पोलीस चौकीत पुरेशी माणसं नाहीत. आणि फलाटावर पावसात उभं राहायला जागा पुरत नाही. तिन्हींसाठी खासदाराकडे धावायचं का?

नाही! गटार, कचरा आणि गल्लीतला रस्ता ही महानगरपालिकेची कामं. त्यासाठी कल्याण-डोंबिवली महानगरपालिका १९८३ पासून आहे. पोलीस राज्य सरकारचे, म्हणून तो प्रश्न आमदाराने विधानसभेत मांडायचा. रेल्वे मात्र केंद्र सरकारची. म्हणजे फलाटाचा प्रश्न खासदाराच्या दारात न्यायचा. चुकीच्या दारात कितीही वेळ उभं राहिलं तरी दार उघडत नाही. उलट आतला माणूस खुशाल म्हणतो, "हे माझं काम नव्हेच!" आणि त्याचं म्हणणं खरंही असतं.

ठाकुर्ली येते कल्याण लोकसभा मतदारसंघात. २००८ मध्ये मतदारसंघांच्या हद्दी नव्याने आखल्या गेल्या. त्यानंतर २००९ मध्ये इथे पहिली निवडणूक झाली. तेव्हा आनंद परांजपे निवडून आले. पुढे २०१४, २०१९ आणि २०२४ अशा तिन्ही निवडणुका डॉ. श्रीकांत शिंदे यांनी जिंकल्या. या मतदारसंघात विधानसभेचे सहा भाग आहेत: अंबरनाथ, उल्हासनगर, कल्याण पूर्व, डोंबिवली, कल्याण ग्रामीण आणि मुंब्रा-कळवा.

काही गडबड वाटली का? कल्याण पश्चिम कुठे गेलं? ते चक्क भिवंडी लोकसभा मतदारसंघात आहे! कल्याण स्टेशनच्या पुलाच्या एका टोकाला उतरलं तर खासदार एक, दुसऱ्या टोकाला उतरलं तर खासदार दुसरा. उद्या वर्गात हा प्रश्न टाकून बघा. निम्मे मित्र नक्की चुकतील.

खासदाराची मुख्य कामं तीन. देशाचे कायदे करणं, सरकारच्या खर्चाला मंजुरी देणं आणि सरकारला प्रश्न विचारून कामाला लावणं. या तिन्हींचे गुण वेगवेगळे बघायचे. नुसतं "आमच्या सोसायटीच्या पूजेला आले होते" याला गुण नाहीत!

स्वतःच अहवाल देणारे खासदार

आपलं प्रगतिपुस्तक आपणच छापून लोकांच्या हातात देणारा एक खासदार आपल्याच भागात होऊन गेला. त्यांचं नाव रामभाऊ म्हाळगी. १९७७ आणि १९८० अशा दोन निवडणुकांत ते ठाणे मतदारसंघातून लोकसभेवर गेले. तेव्हा कल्याण-डोंबिवलीचा भागही ठाणे मतदारसंघातच होता. त्याआधी ते आमदार होते. दरवर्षी आपण काय काय केलं याचा अहवाल छापायचा आणि तो मतदारांपुढे ठेवायचा, अशी त्यांची पद्धत होती.

असं करा म्हणून कुठल्या कायद्याने त्यांना सांगितलं नव्हतं. आजही तसा कायदा नाही. पण विचार करा, अहवाल छापायचा म्हटलं की वर्षभर नोंद ठेवावी लागते. काय मागितलं, काय मिळालं, काय राहिलं हे लिहावं लागतं. आणि एकदा लिहिलं की लोक ते पुढच्या वर्षीच्या अहवालाशी ताडून बघू शकतात! १९८२ मध्ये म्हाळगींचं निधन झालं. त्यांच्या नावाची प्रबोधिनी त्याच वर्षी सुरू झाली. लोकप्रतिनिधींना त्यांचं काम शिकवणं हा तिचा एक उद्योग आहे.

आता बरेच खासदार कार्यअहवाल काढतात. रंगीत, गुळगुळीत कागदावर. तुमच्या घरी असा एखादा आला तर एक युक्ती करा. फोटो मोजा आणि आकडे मोजा. फोटोच जास्त निघाले, तर तो अहवाल कमी आणि अल्बम जास्त!

एक प्रश्न, एक मंत्री

वर्गात प्रश्न विचारला की बाई म्हणतात, "शाब्बास!" लोकसभेत प्रश्न विचारला तर काय होतं? ऐका.

डिसेंबर १९५७ मधली गोष्ट. फिरोज गांधी नावाचे खासदार लोकसभेत उभे राहिले. सरकार त्यांच्याच पक्षाचं, काँग्रेसचं होतं. शिवाय पंतप्रधान नेहरू त्यांचे सासरे! तरीही त्यांनी विचारलं, की आयुर्विमा महामंडळाने हरिदास मुंदडा या उद्योगपतीच्या कंपन्यांचे शेअर का विकत घेतले? विम्याचा पैसा लाखो साध्या माणसांचा. तो असा कुणाच्या सांगण्यावरून गुंतवला?

सरकारला चौकशी नेमावी लागली. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश एम. सी. छागला यांनी १९५८ मध्ये मुंबईत ती चौकशी केली. बंद दाराआड नाही, तर सगळ्यांसमोर. ऐकायला इतकी गर्दी झाली की बाहेर ध्वनिवर्धक लावावे लागले. शेवटी अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांना राजीनामा द्यावा लागला.

लोकसभेत आजही अधिवेशनाच्या दिवसांत सकाळी ११ ते १२ हा प्रश्नोत्तराचा तास असतो. एका दिवसात २० 'तारांकित' प्रश्न घेतात. त्यांची उत्तरं मंत्र्यांनी उभं राहून द्यायची आणि त्यावर लगेच उपप्रश्नही विचारता येतात. म्हणजे तोंडी परीक्षाच! शिवाय २३० 'अतारांकित' प्रश्नांना लेखी उत्तरं मिळतात. ही सगळी उत्तरं छापली जातात आणि कुणालाही वाचता येतात. आपल्या खासदाराने रेल्वेबद्दल काय विचारलं आणि रेल्वेमंत्री काय म्हणाले, हे तुम्ही लोकसभेच्या संकेतस्थळावर शोधू शकता.

प्रश्न विकला तर?

जिथे ताकद असते तिथे ती विकत घेणारेही येतात. १९५१ मध्ये, पहिली सार्वत्रिक निवडणूक होण्याच्याही आधी, असं एक प्रकरण झालं. एच. जी. मुद्गल हे तेव्हाच्या हंगामी संसदेचे सदस्य. मुंबईच्या सोन्याचांदीच्या व्यापाऱ्यांच्या संघटनेकडून पैसे घेऊन ते संसदेत तिच्या सोयीचे प्रश्न विचारतात, असा त्यांच्यावर आरोप झाला. ते सत्ताधारी काँग्रेसचेच. तरीही चौकशीचा ठराव खुद्द पंतप्रधान नेहरूंनी मांडला. समिती नेमली गेली, आरोप खरा ठरला. सभागृहातून काढून टाकण्याची वेळ येताच मुद्गलांनी राजीनामा देऊन टाकला. पण सभागृहाने तेवढ्यावर सोडलं नाही. हा सदस्य हकालपट्टीलाच पात्र होता, असा ठराव केला.

त्या चौकशी समितीचे अध्यक्ष कोण होते, माहीत आहे? टी. टी. कृष्णम्माचारी! हो, तेच, ज्यांना पुढे १९५८ मध्ये स्वतःला राजीनामा द्यावा लागला. जाब विचारणाऱ्यालाही एक दिवस जाब द्यावा लागतो, तो असा.

डिसेंबर २००५ मध्ये तोच रोग पुन्हा दिसला. प्रश्न विचारण्यासाठी पैसे घेताना काही खासदार छुप्या कॅमेऱ्यात टिपले गेले आणि टीव्हीवर साऱ्या देशाने ते पाहिलं. २३ डिसेंबर २००५ रोजी संसदेने ११ जणांना काढून टाकलं. दहा लोकसभेचे, एक राज्यसभेचा. दहांपैकी दोघे आपल्या महाराष्ट्रातले, जळगाव आणि एरंडोलचे होते. काही जण सर्वोच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने २००७ मध्ये सांगितलं, संसदेला हा अधिकार आहे.

"बघतो, करतो" याचं काय होतं?

घरी सायकल मागितली की बाबा म्हणतात, "बघू!" या 'बघू'चा अर्थ तुम्हाला चांगलाच ठाऊक आहे. मंत्रीही संसदेत असंच म्हणतात, "माहिती मागवली आहे", "विषय विचाराधीन आहे". मग पुढे?

लोकसभेचे पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव मावळणकर, आपले दादासाहेब. त्यांच्या कारकिर्दीत १९५३ मध्ये एक समिती नेमली गेली, सरकारी आश्वासनांची समिती. मंत्र्यांनी सभागृहात दिलेलं प्रत्येक आश्वासन ही समिती टिपून ठेवते. ते तीन महिन्यांत पुरं करायचं असा नियम आहे. जमलं नाही तर खात्याला कारण सांगून मुदत मागावी लागते. आहे की नाही छान युक्ती? घरीही अशी समिती नेमायला हरकत नाही. फक्त बाबांना आधी सांगू नका!

पण ही समिती सभागृहात दिलेल्या शब्दाचाच हिशेब ठेवते. खासदाराने ठाकुर्लीच्या चौकात, सभेत, माइकवर दिलेल्या शब्दाचं काय? त्याची नोंद ठेवायला कुठलीच समिती नाही. ती नोंद आपणच ठेवायची.

'यांच्या सौजन्याने'

तुमच्या घराजवळच्या बागेत, बसथांब्यावर किंवा नाल्यावरच्या पुलाजवळ एखादा फलक नक्की असेल. त्यावर लिहिलेलं असतं, "माननीय खासदार अमुक अमुक यांच्या सौजन्याने." सौजन्य म्हणजे चांगुलपणा. म्हणजे त्यांनी खिशातले पैसे घालून बाक बसवला का?

नाही हो! डिसेंबर १९९३ मध्ये केंद्र सरकारने खासदार निधीची योजना सुरू केली. आधी खासदाराला वर्षाला १ कोटी रुपयांची कामं सुचवता यायची. मग १९९८ पासून २ कोटींची आणि २०११ पासून ५ कोटींची. करोनाच्या काळात २०२० मध्ये ती थांबवली होती, २०२१ च्या अखेरीस पुन्हा सुरू झाली. हे पैसे खासदाराच्या हातात येतच नाहीत. काम त्याने सुचवायचं आणि ते करून घ्यायचं जिल्हा प्रशासनाने. आणि पैसे कोणाचे? तुमचे! तुम्ही बिस्किटाचा पुडा घेता, बाबा पेट्रोल भरतात, आई साबण आणते, त्या प्रत्येकात कर असतो. तोच पैसा फिरून बाकाच्या रूपाने येतो. म्हणून 'सौजन्याने' नव्हे, 'निधीतून' म्हणायचं. त्या बाकावर बसल्याबद्दल कुणाचे उपकार मानायला नकोत. बाक दोन महिन्यांत मोडला तर मात्र विचारायला हवं.

हजेरीचा रकाना

खासदारांचीही हजेरी लागते. पूर्वी त्यासाठी ते नोंदवहीत सही करत. मंत्री असतील तर त्यांना हजेरी लावावी लागत नाही. मार्च २०२५ मध्ये खासदारांचा पगार वाढवून महिना १ लाख २४ हजार रुपये केला गेला. त्याशिवाय अधिवेशनाच्या दिवसाचा २५०० रुपये भत्ता असतो. हजेरी नाही, तर त्या दिवसाचा भत्ता नाही!

हजेरी, विचारलेले प्रश्न आणि केलेली भाषणं हे सगळं जाहीर असतं. पण एक सावधगिरी घ्या. नुसत्या आकड्यांवर गुण देऊ नका. शंभर फुटकळ प्रश्नांपेक्षा फिरोज गांधींचा एक प्रश्न भारी होता. हजेरी लावून पाच मिनिटांत बाहेर पडणाराही हजरच धरला जातो. तुमच्या वर्गातही असा एखादा असेल!

आणि एक रकाना तर बहुतेक वेळा कोराच असतो. कायदा मंजूर करताना खासदार बसल्या जागेवरून "होय" किंवा "नाही" असं ओरडतात. आवाज ऐकून अध्यक्ष निकाल सांगतात. याला म्हणतात आवाजी मतदान. यात आपला खासदार होय म्हणाला की नाही, ते कळतच नाही! सदस्यांनी मागणी केली तर मतविभाजन होतं आणि मग कोणी कोणतं मत दिलं याची नोंद राहते. शिवाय १९८५ पासून पक्षांतरबंदी कायदा आहे. पक्षाने आदेश, म्हणजे व्हिप काढला आणि खासदाराने त्याविरुद्ध मत दिलं, तर त्याची खासदारकी जाऊ शकते. म्हणजे बघा, त्याला दोन मालक झाले. एक पक्ष आणि एक आपण. पक्ष रोज हिशेब मागतो. आपण पाच वर्षांनी मागितला, तर तो कोणाचं जास्त ऐकेल?

दगड की कागद?

आता थोडं गंभीर बोलू. २ जानेवारी २०१५ च्या सकाळी ठाकुर्ली आणि कल्याणच्या दरम्यान एका लोकलचा पेंटोग्राफ, म्हणजे वरच्या तारेतून वीज घेणारा सांगाडा, तुटला. गाड्या खोळंबल्या. दिव्याला गर्दीचा संयम सुटला. लोक रुळांवर उतरले, दगडफेक झाली, गाड्या जाळल्या. मोटरमनला मारहाण झाली आणि मग मोटरमननी काम थांबवलं. हजारो लोक दिवसभर अडकून पडले.

लोकांचा राग खोटा नव्हता. पण दगड लागला कोणाला? मोटरमनला. गाड्या किती असाव्यात, रूळ कधी टाकावेत, पैसे कशावर खर्च करावेत, हे मोटरमन ठरवत नाही. जे ठरवतात ते दगडाच्या टप्प्यात नव्हतेच. पुढे डिसेंबर २०१६ मध्ये दिव्याला जलद गाड्या थांबू लागल्या. "दंगा झाला म्हणूनच!" असं कुणी म्हणेल. पण त्यासाठी रुळांचं आणि फलाटाचं काम करावं लागलं. आराखडा, मंजुरी, पैसे, सगळं कागदावर व्हावं लागलं. दगडाने लक्ष जातं, पण रूळ टाकले जातात ते कागदानेच.

आणि ९ जून २०२५. मुंब्र्याजवळच्या वळणावर खचाखच भरलेल्या दोन लोकल एकमेकींजवळून गेल्या. दारात लटकलेले प्रवासी खाली पडले. किमान चार जणांचे प्राण गेले. मुंब्रा याच कल्याण लोकसभा मतदारसंघात येतं. त्यानंतर रेल्वेने जाहीर केलं, की मुंबईच्या नव्या लोकलना आपोआप बंद होणारी दारं असतील, साध्या गाड्यांनाही. तुमच्यापैकी अनेकांचे आई-बाबा, ताई-दादा याच मार्गाने रोज जातात. पुढच्या वर्षी कॉलेजला गेलात की तुम्हीही जाल.

इथेच आपली खरी परीक्षा असते. अपघाताच्या दिवशी सगळेच विचारतात. सहा महिन्यांनी कोण विचारतं? "किती गाड्यांना दारं बसली? उरलेल्यांना कधी बसणार?" हा प्रश्न विचारणारा खासदार हवा. आणि "तुम्ही हा प्रश्न विचारलात का?" असं खासदाराला विचारणारे तुम्ही हवेत.

परत बोलावता येतं का?

"काम नाही केलं तर मध्येच परत बोलवा!" ही कल्पना कशी वाटते? ब्रिटनमध्ये २००९ साली खासदारांची खर्चाची बिलं बाहेर आली. एकाने तर तळ्यातल्या बदकांसाठी तरंगतं घर घेतलं आणि त्याचे १६४५ पौंड सरकारकडे मागितले! पैसे मिळाले नाहीत, पण देशभर हसू झालं. अनेक खासदारांना पैसे परत करावे लागले, काही तुरुंगात गेले.

पुढे २०१५ मध्ये तिथे खासदार परत बोलावण्याचा कायदा झाला. मात्र वाट्टेल तेव्हा नाही. खासदाराला तुरुंगवास झाला, सभागृहाने काही दिवसांसाठी निलंबित केलं किंवा खोटी बिलं दिल्याचं सिद्ध झालं तरच. मग मतदारसंघातल्या दहा टक्के मतदारांनी सहा आठवड्यांत सह्या करायच्या. २०१८ मध्ये नॉर्थ अँट्रिममध्ये सह्या दहा टक्क्यांना थोड्या कमी पडल्या आणि खासदार वाचला. २०१९ मध्ये पीटरबरोला १९ हजारांहून जास्त लोकांनी सह्या केल्या आणि तिथली खासदारकी गेली.

आपल्याकडे खासदाराला असं परत बोलावता येत नाही. म्हणून तर मधल्या चाचण्या जास्त महत्त्वाच्या!

आई-बाबांसाठी

पालकहो, हा भाग तुमचा. महाराष्ट्रात अण्णा हजारे यांच्या आंदोलनातून माहितीच्या अधिकाराचा कायदा २००२ मध्ये आला. साऱ्या देशाचा कायदा १२ ऑक्टोबर २००५ पासून लागू झाला. साध्या कागदावर अर्ज आणि दहा रुपये शुल्क, एवढंच लागतं. तीस दिवसांत उत्तर मिळायला हवं. आपल्या भागात खासदार निधीतून कोणती कामं झाली, किती खर्च झाला, कुठली अर्धवट आहेत, हे जिल्हा प्रशासनाला विचारता येतं. निवडणुकीच्या वेळी उमेदवाराचं प्रतिज्ञापत्रही वाचा. त्यात त्याची मालमत्ता, शिक्षण आणि त्याच्यावरचे खटले लिहावे लागतात. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ आणि २००३ मधल्या निकालांमुळे हे सक्तीचं झालं. आणि मुलांसमोर "सगळे सारखेच!" असं म्हणून पेपर बाजूला टाकू नका. मुलं तेच शिकतात.

हे करून पाहा: चांगलं पत्र

"आम्हाला तर मत नाही, आमचं कोण ऐकणार?" असं वाटतंय ना? पण खासदार फक्त मतदारांचा नसतो. मतदारसंघातल्या पाळण्यातल्या बाळाचाही तोच खासदार! तेव्हा पत्र लिहायला अठरा वर्षं पूर्ण व्हावी लागत नाहीत.

पत्र कसं नसावं? "साहेब, रेल्वेचे फार हाल आहेत. कृपया लक्ष घालावे." याला उत्तर येईल, "लक्ष घालतो." झालं, संपलं!

मग कसं असावं? हा नमुना पाहा. मोकळ्या जागा तुम्ही भरायच्या:

"माननीय खासदार, कल्याण लोकसभा मतदारसंघ, यांस सप्रेम नमस्कार.
आम्ही ठाकुर्ली येथे राहणारे इयत्ता ____ चे विद्यार्थी आहोत. आम्ही ____ या तारखेला सकाळी ____ ते ____ या वेळेत स्टेशनच्या जिन्यावर पालकांसोबत उभे राहून पाहणी केली. या वेळेत ____ गाड्या थांबल्या. त्यांपैकी ____ गाड्यांच्या दारात माणसं लटकलेली होती.
आमचे दोन प्रश्न आहेत. १) बंद दारांच्या नव्या लोकल या मार्गावर केव्हा येणार? २) हा प्रश्न आपण लोकसभेत विचारला आहे का? असल्यास कोणत्या तारखेला, आणि उत्तर काय मिळालं? नसल्यास पुढच्या अधिवेशनात विचाराल का?
आपल्या उत्तराची आम्ही वाट पाहत आहोत.
आपले विश्वासू, ____"

यात काय काय आहे, बघा. शिवीगाळ नाही, खुशामत नाही. स्वतः मोजलेले आकडे आहेत. योग्य माणसाला योग्य प्रश्न आहे. आणि ज्याचं उत्तर नुसतं "बघतो" असं देता येणार नाही, असा प्रश्न आहे.

पाहणी करताना फलाटाच्या कडेला मुळीच जायचं नाही, मोठं माणूस सोबत हवंच. पत्राची प्रत ठेवा. एक वही करा आणि तिला हवं तर 'खासदार-वही' म्हणा. पत्र पाठवल्याची तारीख लिहा, उत्तर आलं की ते चिकटवा. घरातल्या कॅलेंडरवर आजपासून तीस दिवसांनंतरच्या चौकोनात लाल पेनाने खूण करा. त्या दिवसापर्यंत उत्तर आलं नाही, तर आठवणीचं दुसरं पत्र. तेही आलं नाही, तर तिसरं. आणि उत्तर आलं, काम झालं, तर आभाराचं पत्रही जायलाच हवं. चांगल्या गुणांना शाबासकी नको का?

चला तर, आणा कागद-पेन. पहिली ओळ लिहून दिलीच आहे!